ट्रॉलीचे मागचे दिवे : जोडणी आणि निगा

(भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादक व ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाचे बियाणे, रोवणी, खतांच्या मात्रा, खोडकिडी आणि तुडतुडे या विषयांवर आपण वरचेवर बोलतो. आजचा विषय पीक बांधीतून निघाल्यानंतरचा आहे. मळणी झाली, पोती शिवली, ट्रॉली भरली आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागला. त्या ट्रॉलीच्या मागे दिवा पेटतो की नाही, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे.

आपल्या जिल्ह्यात धानाची वाहतूक नेमकी कोणत्या दिवसांत होते ते पाहा. हलके धान दिवाळीच्या आसपास निघते, भारी धान त्याच्या मागून. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. खरेदी केंद्रावर किंवा बाजार समितीत रांग असली, काटा उशिरा झाला, की परतीचा प्रवास अंधारातच होतो. पहाटे निघावे तर वैनगंगेच्या काठाला आणि तलावांच्या भागात धुके असते. म्हणजे ट्रॉलीचे काम जास्त तेव्हाच उजेड कमी. त्यातच पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधून जातो. त्यावरून रात्रंदिवस जड वाहने भरधाव धावतात. तुमसर, पवनी, लाखांदूरकडचे रस्तेही आता पूर्वीसारखे संथ राहिलेले नाहीत.

मागच्या माणसाला किती वेळ मिळतो?

याचे गणित सोपे आहे. भरलेली ट्रॉली ताशी २० किलोमीटरने चालली आहे. मागून येणारी मोटार ताशी ८० किलोमीटरने येत आहे. दोघांमधले अंतर ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटरने कमी होते. समोरून वाहन आल्यामुळे मोटारवाल्याने दिवे डिपरवर घेतले असतील, तर धुळीने माखलेली, दिवा नसलेली ट्रॉली त्याला साधारण ५० मीटरवर आल्यावर दिसते. म्हणजे त्याच्या हाती फक्त तीन सेकंद उरतात. त्यातला एक ते दीड सेकंद समोर काय आहे हे समजून ब्रेकवर पाय जाईपर्यंत निघून जातो.

ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावर उभीच असेल तर गोष्ट आणखी वाईट. ताशी ८० किलोमीटरच्या वेगातली मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर पूर्ण थांबायला, विचाराचा वेळ धरून, ६५ ते ७० मीटर घेते. पन्नास मीटरवर दिसलेली ट्रॉली तिला चुकवताच येत नाही. चालक कितीही सावध असो, ते त्याच्या हातात राहत नाही. तोच लाल दिवा शे-दोनशे मीटरवरून दिसला, तर काहीच घडत नाही. वेग कमी होतो, मोटार बाजूने निघून जाते.

म्हणून आपल्या मालाइतकाच, आपल्या माणसांइतकाच हा दिवा मागून मोटारसायकलवर येणाऱ्या कोणा अनोळखी माणसासाठी आहे.

कायद्यातही हे स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ खाली केलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम १०४ परावर्तकांचा आणि नियम १०५ दिव्यांचा आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्ध्या तास आधीपर्यंत रस्त्यावरील वाहनाचे दिवे लागलेले असलेच पाहिजेत. वाहन धोकादायक रीतीने रस्त्यावर सोडून जाण्यास अधिनियमाच्या कलम १२२ ने मनाई आहे. अपघात झालाच, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात दिवे होते की नव्हते हा प्रश्न हमखास निघतो.

दिवे बसतात, पण टिकत का नाहीत?

नवीन ट्रॉली पासिंगला नेताना दिवे असतात. पहिला हंगाम संपेपर्यंत त्यातला एक बंद पडतो, दुसऱ्या हंगामात दोन्ही. पुढे तार तुटून लोंबते आणि कोणी तरी ती कापून टाकतो. “ट्रॉलीवर दिवे टिकतच नाहीत” असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा दिव्याचा दोष नसतो. दोष तीन ठिकाणी असतो : बारीक तार, उघडे जोड आणि परतीची तार नसणे. यातले तिसरे कारण सर्वांत मोठे आहे, म्हणून ते आधी समजून घेऊ.

बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह बल्बमधून जाऊन ऋण टोकाकडे परत यावा लागतो. ट्रॅक्टरवर ऋण टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे परतीचा रस्ता लोखंडातूनच मिळतो. यालाच आपण अर्थ म्हणतो. ट्रॉलीच्या बाबतीत मात्र मध्ये हूक आणि पिन येते. मिस्त्री बल्बची अर्थ ट्रॉलीच्या लोखंडाला जोडून मोकळा होतो आणि प्रवाहाने पिनेतून ट्रॅक्टरकडे परत यावे अशी अपेक्षा धरतो. पण पिन गंजलेली, ग्रीसने माखलेली आणि चालताना खडखडणारी असते. खड्ड्यात ती क्षणभर टेकते, क्षणभर सुटते. दिवा लुकलुकतो, मंद होतो आणि शेवटी बंद पडतो.

अर्थ खराब असल्याची खूण अशी : पार्किंग लाइट लागलेला असताना ब्रेक दाबला की तो उजळण्याऐवजी मंद होतो, किंवा डाव्या बाजूचा इंडिकेटर दिला की उजवीकडचाही लाल दिवा मिचकावतो. प्रवाहाला सरळ परत जाता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलत बसू नये. एका लांब तारेचे एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पाहावे. दिवा लखलखीत झाला, तर दोष अर्थचा आहे हे पक्के समजावे.

यावर उपाय एकच. प्रत्येक दिव्याची अर्थ वेगळ्या तारेने प्लगपर्यंत आणि तिथून ट्रॅक्टरच्या बॉडीपर्यंत आणावी. पिनेच्या भरवशावर राहू नये.

तार किती जाड असावी?

दोन तंतूंच्या २१/५ वॅटच्या बल्बमध्ये ५ वॅटचा तंतू पार्किंगसाठी आणि २१ वॅटचा ब्रेकसाठी असतो. दोन्ही ब्रेक लाइट मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. स्विचपासून ट्रॉलीच्या शेपटापर्यंत तार साधारण ८ मीटर होते. ती अर्ध्या चौरस मिलिमीटरची, म्हणजे रेडिओच्या तारेसारखी बारीक असली, तर जाताना जवळपास १ व्होल्ट आणि तशाच तारेने परत येताना आणखी १ व्होल्ट वाटेतच जातो. बल्बला १२ ऐवजी १० व्होल्ट मिळतात. व्होल्ट सहाव्या हिश्शाने कमी झाले, तरी तंतूच्या बल्बचा प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. धुक्यात हा फरक फार मोठा आहे.

म्हणून ब्रेक लाइटला दीड चौरस मिलिमीटर, बाकी दिव्यांना एक चौरस मिलिमीटर आणि सामाईक अर्थला अडीच चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तंतूंची लवचिक तांब्याची तार घ्यावी. घरगुती वायरिंगची एकतारी तार घेऊ नये. ती धक्क्यांनी आतल्या आत तुटते आणि वरून मात्र साबूत दिसते.

सात पिनांचा क्रम

ट्रॅक्टरवर सॉकेट आणि ट्रॉलीच्या तारेला प्लग असा सात पिनांचा जोड बाजारात मिळतो. पिनांजवळ आकडे कोरलेले असतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे (आयएसओ १७२४) क्रम व तारेचे रंग असे आहेत :

१. डावा इंडिकेटर – पिवळी
२. जादा पिन – निळी (परदेशात मागच्या धुक्याच्या दिव्यासाठी वापरतात, आपण मोकळी ठेवावी)
३. अर्थ – पांढरी
४. उजवा इंडिकेटर – हिरवी
५. उजवा पार्किंग लाइट – तपकिरी
६. ब्रेक लाइट – लाल
७. डावा पार्किंग लाइट – काळी

डावे-उजवे चालकाच्या बसण्याच्या दिशेने धरावे. पाच आणि सात या दोन्ही पिना ट्रॅक्टरच्या बाजूला पार्किंगच्या तारेला जोडाव्यात. नंबर प्लेटचा दिवा यांपैकी एकीवर घ्यावा. बाजारातल्या तारांचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून रंगापेक्षा आकड्यावर भरवसा ठेवावा.

या क्रमाला महत्त्व का आहे? आपल्याकडे ट्रॉली एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असे नेहमीच होते. हंगामात शेजारी ट्रॉली मागून नेतो. प्रत्येक मिस्त्रीने आपल्या मनाने पिना जोडल्या, तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला लावल्यावर ब्रेक दाबताच इंडिकेटर लागेल. गावातल्या सर्व ट्रॅक्टरधारकांनी एकच क्रम ठरवला, तर कोणतीही ट्रॉली कोणत्याही ट्रॅक्टरला चालेल. हा क्रम कागदावर लिहून मिस्त्रीच्या दुकानात चिकटवून ठेवावा.

जोडणी कशी करावी?

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार आधी काढावी आणि काम संपल्यावर तीच शेवटी लावावी. पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

१. सॉकेट ट्रॅक्टरच्या मागे, हूकपेक्षा उंच आणि एका बाजूला बसवावे. तिन्ही लिंक वर-खाली करून आणि पी.टी.ओ. शाफ्टची जागा पाहून मगच भोक पाडावे. स्प्रिंगच्या झाकणाचे सॉकेट घ्यावे.

२. ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांच्या तारांतून सॉकेटला जोड द्यावा. कोणती तार कशाची हे टेस्टिंग बल्बने पाहावे : पार्किंग लावून एक, ब्रेक दाबून एक, प्रत्येक इंडिकेटर देऊन एक. प्रत्येक तारेवर कागदी चिठ्ठी बांधावी.

३. तार सोलून पीळ देऊन वर टेप गुंडाळणे हा जोड एका पावसाळ्याचा सोबती. पितळी लग दाबून बसवावेत किंवा कथील लावून वर आवळणारी नळी चढवावी. अर्थचा लग ज्या जागी बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत लोखंड काढावे, बोल्ट घट्ट करावा आणि वरून ग्रीस लावावे.

४. ट्रॉलीवरची तार चेसिसच्या आतल्या बाजूने, लवचिक नळीतून न्यावी. दर फुटा-दीड फुटावर क्लिप लावावी. लोखंडातून तार पार जाते तिथे रबरी बुश बसवावे, नाही तर कडेने तार कापली जाते.

५. हायड्रोलिक ट्रॉलीत डाला उचलला जातो. त्यामुळे तार डाल्यावरून न नेता चेसिसवरून न्यावी आणि दिवेही चेसिसच्या शेवटी बसवावेत. दिवे फाळक्यावर बसवू नयेत. फाळका आपटला की काच फुटते आणि फाळका उघडून चालवले तर दिवा जमिनीकडे पाहतो.

६. हूकजवळ तारेला झोल किती ठेवावा हे अंदाजाने ठरवू नये. ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून पाहावा. तार ताणली जाऊ नये आणि जमिनीला घासूही नये.

७. बल्ब होल्डरमध्ये बसवताना जोर लावू नये. दोन तंतूंच्या बल्बचे खुंट मुद्दाम वर-खाली केलेले असतात, कारण तो एकाच बाजूने बसावा. जबरीने उलटा बसवला, तर पार्किंगला भगभगीत आणि ब्रेकला मंद असा उलटा कारभार होतो आणि मागच्या माणसाची फसगत होते.

८. फ्यूज उडाला तर कारण शोधावे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नये. पार्किंगला ५ आणि ब्रेकला १० अँपिअरपेक्षा मोठा फ्यूज लागत नाही. आपण तणस वाहतो हे विसरू नका. फ्यूजच्या जागी जाड तार असेल आणि पुढे तार कुठे घासून लोखंडाला टेकली, तर ती तापून लाल होते. वर कोरडे तणस आणि मागून वारा. पुढचे सांगायला नको.

ट्रॉली जोडल्यावर इंडिकेटर फार भरभर मिचकावू लागला, तर बिघाड समजू नये. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरवर एका बल्बचा भार वाढल्याने तसे होते. तीन बल्बांचा भार पेलणारा फ्लॅशर बसवावा. एल.ई.डी. दिवे बसवल्यास भार कमी होतो आणि तोच जुना फ्लॅशर अडून बसतो, तेव्हा एल.ई.डी.ला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. १२ व्होल्टचे बंदिस्त एल.ई.डी. दिवे ट्रॉलीसाठी चांगले. त्यांत तुटायला तंतू नाही आणि पाणी शिरत नाही. पण परतीची तार त्यांनाही लागतेच.

जीप किंवा मोटारीमागे ट्रॉली असल्यास

काही बागायतदार भाजीपाल्यासाठी जीपमागे लहान ट्रॉली लावतात. जुन्या जीपला वरचीच पद्धत चालते. अलीकडच्या मोटारींमध्ये मात्र दिव्यांवर संगणकाची नजर असते. तिथे तार सोलून जोड दिला, तर चुकीचे इशारे येतात आणि कधी महागडा भाग जळतो. अशा गाडीला बॅटरीवरून फ्यूजमधून वेगळा पुरवठा घेणारा ट्रॉलीसाठीचा रिले संच बसवावा. गाडीच्या दिव्याच्या तारेने त्याला फक्त इशारा द्यायचा, भार बॅटरीने उचलायचा. त्या गाडीला ट्रॉली ओढण्याची परवानगी आहे का आणि किती वजनाची, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत आधी पाहावे.

तपासणी आणि निगा

तपासणीला दोन माणसे लागतात. एक सीटवर, एक मागे. पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा असे एकेक लावून पाहावे आणि शेवटी सगळे एकदम लावावेत. एकेकटे चांगले लागणारे दिवे एकदम लावल्यावर मंद झाले, तर अर्थ पुन्हा पाहावी. काही ट्रॅक्टरवर ब्रेक लाइटचा स्विच एकाच पेडलवर असतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडलेलेच ठेवावेत. गाडी सरळ थांबण्यासाठीही ते आवश्यक आहे.

चिखलणीच्या आणि रोवणीच्या दिवसांत ट्रॉली सोडल्यावर प्लग जमिनीवर फेकू नये. ट्रॉलीच्या दांडीला एक कडी करून त्यात अडकवावा, तोंड खाली करून. पिनांना थोडी पेट्रोलियम जेली लावली, तर हिरवा गंज चढत नाही. ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल, तेव्हा प्लग आधी काढावा. वेल्डिंगचा प्रवाह तारांतून शिरून सगळी जोडणी जाळतो. हंगाम संपल्यावर ट्रॉली उभी राहते आणि उंदीर तार कुरतडतात, म्हणून दिवाळीपूर्वी एकदा पूर्ण तपासणी करावी.

दिव्याच्या जोडीला रेडियम

चांगला दिवाही कधी तरी बंद पडणारच. म्हणून मागे दोन्ही टोकांना लाल परावर्तक, रुंदीभर लाल रेडियमची पट्टी आणि बाजूंना पिवळी पट्टी असावी. रेडियमला बॅटरी लागत नाही. मात्र स्वतःचा प्रकाश नसल्याने मागच्या गाडीचा दिवा त्यावर पडेल तेव्हाच ते चमकते. त्यामुळे दिव्याच्या जागी रेडियम चालत नाही, दिव्यासोबत चालते. चिखल आणि धूळ बसली की तेही आंधळे होते. निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावे. तणस, कडबा किंवा बांबू मागे लोंबत असतील तर दिवा झाकला जातो; मालाच्या शेवटच्या टोकाला वेगळा लाल दिवा बांधावा.

ट्रॉली रस्त्यात बंद पडली, तर आपल्याकडे भोवती दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवण्याची रीत आहे. अंधारात दगड दिसत नाहीत आणि ट्रॉली गेल्यावर ते रस्त्यावरच राहतात. ट्रॉलीच्या मोटारसायकलवाल्याला जे होऊ नये म्हणून दगड ठेवले, तेच त्या दगडांनी होते. त्याऐवजी चमकणारा त्रिकोण ट्रॅक्टरवर कायम ठेवावा, ट्रॉलीच्या बऱ्याच मागे उभा करावा आणि शक्य तेवढे वाहन डांबराच्या बाहेर घ्यावे.

शेवटी खर्चाचे. चांगली तार, सात पिनांचा जोड, दोन दिवे, परावर्तक आणि एका दिवसाची मजुरी हा खर्च ट्रॉलीच्या एका नव्या टायरपुढे किरकोळ आहे. टायर गुळगुळीत झाला की आपण हंगामापूर्वी बदलतो, कारण तो फुटला तर आपला माल अडतो. मागचा दिवा बंद पडला तर आपले काम अडत नाही, म्हणून तो राहून जातो. ट्रॅक्टरच्या सीटवरून तो दिसतही नाही. तेव्हा या हंगामात एवढा नेम करावा : संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू केल्यावर खाली उतरून मागे जायचे, दिवे पाहायचे, पुसायचे आणि मगच गिअर टाकायचा. याला दोन मिनिटेही लागत नाहीत.